कमोडोर ६४ मधले ते २४ बाइट्स

सेल्फ मॉडिफाइंग कोड, म्हणजे चालता चालता स्वतःच्याच सूचना बदलणारा कोड, म्हटलं की आजकाल लोक लगेच नाक मुरडतात, जुगाड आहे, डीबग करता येत नाही वगैरे. मला हे अजिबात पटत नाही, आणि का ते सांगायला एकच रूटीन (प्रोग्रामचा छोटा तुकडा) पुरेसं आहे, चारगेट (CHRGET).

कमोडोर ६४ (१९८२) या घरगुती कॉम्प्युटरमधलं बेसिक, म्हणजे त्याची प्रोग्रामिंग भाषा, मायक्रोसॉफ्टचं, ६५०२ प्रोसेसरसाठी लिहिलेलं. ते प्रोग्राम एकेक अक्षर वाचत चालवतं आणि पुढचं अक्षर आणायचं काम चारगेटचं. म्हणजे सतत पळणारा कोड, आणि प्रोसेसर जेमतेम १ मेगाहर्ट्झचा, त्यामुळे इथे एक सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका) वाचली तरी खूप झालं.

आता बघा काय केलंय. अक्षर कुठून उचलायचं तो पत्ता वेगळा कुठे ठेवलेलाच नाही, तो थेट एलडीए (मेमरीतून एक बाइट उचलणाऱ्या) इन्स्ट्रक्शनच्या पोटात आहे! एमुलेटर (आजच्या कॉम्प्युटरवर जुनं मशीन चालवणारा प्रोग्राम) असेल तर पीक(१२१) करून, म्हणजे मेमरीतल्या १२१ नंबरच्या जागेत काय आहे ते बघा, १७३ येईल, हा एलडीएचा ऑपकोड (इन्स्ट्रक्शनचा आकडा), आणि १२२-१२३ मध्ये पत्ता. रूटीन आधी १२२ मध्ये १ मिळवतं, तिथे २५५ चा ० झाला तरच हातचा १२३ मध्ये जातो, आणि मग तीच एलडीए नव्या पत्त्यावरून अक्षर उचलते. पॉइंटरमधून, म्हणजे वेगळ्या जागी ठेवलेल्या पत्त्यावरून, वाचलं असतं तर कमीत कमी ५ सायकल आणि वर वाय रजिस्टर (प्रोसेसरमधली आकडा ठेवायची जागा) अडकलं असतं, इथे ४ सायकल आणि वाय मोकळं.

बेसिक असतं रॉममध्ये, आणि रॉममध्ये तर काही बदलता येत नाही, म्हणून मशीन चालू झालं की हे २४ बाइट्स रॅममध्ये ११५ ते १३८ या जागी कॉपी होतात. त्यातच स्पेस गाळणं, अंक आहे का ते कॅरी फ्लॅगमधून (फ्लॅग म्हणजे प्रोसेसरमधली हो-नाही खूण) कळवणं, कोलन (बेसिकमध्ये एक कमांड संपल्याची खूण) आला किंवा ओळ संपली तर झीरो फ्लॅग लावणं, सगळं बसवलंय. इतकं निगुतीने केलेलं काम, याला जुगाड कसं म्हणायचं?

आणि रॅममध्ये असल्यामुळे दुसऱ्यांनाही त्यात शिरता आलं. कमोडोरच्या १५४१ डिस्क ड्राइव्हच्या डेमो डिस्कवरचा डॉस वेज हा छोटा प्रोग्राम चारगेटमध्ये स्वतःचा जंप (आपल्या कोडकडे वळवणारी इन्स्ट्रक्शन) टाकायचा आणि बेसिकला नसलेल्या कमांड द्यायचा. एरवी डिस्कवरच्या फाइल्सची यादी लोड केली की मेमरीतला प्रोग्राम जायचा, वेज असला की यादी नुसती स्क्रीनवर यायची आणि प्रोग्राम जागच्या जागी राहायचा.