वारीसाठी टोपी: आधी ऊन बघा, मग पाऊस

वारी पावसाळ्यात म्हणून बाजारात ‘वॉटरप्रूफ’ टोप्या खपतात. ती खरेदी चुकते. आळंदीहून निघालेल्या पालखीच्या वाटेवर दिवे घाट चढून सासवड गाठलं की पुढचा जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. सर येते आणि जाते, डोक्यावर राहतं ते ऊन. आतून रबर किंवा प्लास्टिक लावलेल्या टोपीत वारा खेळत नाही, घाम मुरत नाही आणि तासाभरात डोकं उकडतं. पावसाला खांद्यावरून पांघरायचा प्लास्टिकचा कागद पुरतो.

दुसरी गोष्ट दिशेची. आळंदीहून पंढरपूर ढोबळमानाने आग्नेयेला. त्यामुळे सकाळचं ऊन डाव्या गालावर आणि कानावर येतं, दुपारनंतरचं थेट मानेवर. पुढे चोच असलेली क्रिकेटची टोपी इथे फसते, कारण कान आणि मान दोन्ही उघडी राहतात. पांढऱ्या गांधी टोपीचंही तेच, पण तिला सोपा उपाय आहे: सुती पंचा ओला करून पिळायचा, डोक्यावरून मानेवर सोडायचा आणि वरून टोपी घट्ट बसवायची. यासाठी टोपी नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठी घ्या. पंचा वाळला की पुन्हा ओला करायचा. दिंडीत चालणाऱ्याला याहून चांगली सोय नाही, असं आमचं मत.

चहूबाजूंनी काठ असलेली गोल सुती टोपी घ्यायची तर काठ ६ ते ७ सेंटिमीटरचा पुरे. त्याहून रुंद काठ शेजारच्याला लागतो, पताकेच्या काठीत अडकतो आणि पुढचा माणूसही दिसत नाही. गवती हॅट तर गर्दीत दोन दिवसांत चेपते. काठ आतून गडद रंगाचा असला तर डांबरी रस्त्यावरची तिरीप डोळ्यांना कमी लागते. वरचा रंग मात्र फिकाच हवा. कापड उजेडासमोर धरून बघा. ठिपक्याठिपक्यांनी उजेड दिसला तर वीण विरळ आहे, सोडून द्या. रंगीत टोपी ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहा, नाहीतर पहिल्या सरीला सदरा रंगतो.

माप भुवयांच्या बोटभर वरून, मागच्या उंचवट्यावरून टेपने घ्या आणि त्यात एक सेंटिमीटर मिळवा. नवं सुती कापड आटतं, म्हणून निघण्याआधी दोनदा धुऊन मगच घालून बघा.

हनुवटीखालची दोरी हवीच. दिवे घाटात वारा भणाणतो आणि दोन्ही हातांत टाळ असले की टोपी धरणार कोण? दोरी सपाट, सुती असावी. नायलॉनची गोल दोरी घामाने गळ्याला काचते.

डोक्यावर तुळस घेणाऱ्या बायकांना काठाची टोपी चालतच नाही. चुंबळीखाली सुती रुमाल आणि त्याचं टोक मानेवर, एवढंच जमतं. चुंबळही सुतीच करा, सिंथेटिक साडीची घसरते.

टोप्या दोन न्या. घामाचं मीठ साचून आतली पट्टी कडक होते आणि कपाळ सोलतं, म्हणून रोज मुक्कामाला साध्या पाण्यात पिळून टाका. ढगाळ हवेत जाड खादी रात्रीत वाळत नाही, पातळ सुती टोपी वाळते. ओलीच घातली तर डोक्याला खाज सुटते. टोपीला खळ अजिबात नको. पावसात ती चिकट होऊन कपाळावर ओघळते.

आणि आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने नाव लिहा. तंबूत सगळ्यांच्याच टोप्या पांढऱ्या असतात.