सोलापूर कुठं ठेवतोस?

शाळेच्या स्मरणिकेसाठी इतिहासाच्या सरांवर लिहा, या निमंत्रणासोबत चिठ्ठी होती, ‘सरांचा एखादा फोटो असल्यास पाठवावा.’ माझ्याकडं नाही. कोणते सर, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. उजव्या बाहीवर खडूचा पट्टा आणि ‘मागचा, ऐकू येतंय का रे?’ एवढ्यावर ओळखाल.

इतिहासाच्या तासाला नकाशा भिंतीवर असायचा, पण गुंडाळलेला. वेरूळचं कैलास लेणं शिकवताना सरांनी विचारलं, “आपला आड किती परस, म्हणजे किती पुरुष खोल?” पाच, सर. “असले तीन आड एकाखाली एक धरा, तरी कमी पडतील. एवढं वरून खाली खणत जायचं, अन् मधोमध देऊळ शिल्लक ठेवायचं. हत्तीची सोंड चुकून तुटली, तर चिकटवता येत नाही.” मग सर गप्प. आम्ही सगळे ती सोंड सांभाळत बसलेलो. त्या वर्गात आता डिजिटल फळा आलाय म्हणे. आला असेल. पोरं फळ्याकडं बघतात, मास्तरांच्या तोंडाकडं कोण बघणार?

नववीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला मराठवाडा मुक्तिसंग्राम हा विषय घेतला होता. दोन रात्री जागून कार्डशीटवर हैदराबाद संस्थानाचा नकाशा रंगवला, एसटीत वर सामानाच्या जागी ठेवला आणि तिथंच विसरलो. गाडी पुढं निघून गेली. मी स्टँडवर रडकुंडीला आलेलो. सरांनी चहा पाजला.

“गेला तर गेला. सोलापूर कुठं ठेवतोस?”

मला काही उमगेना. त्यांनी बोट केलं, “ती चौकशीची खिडकी सोलापूर. हे बाकडं नळदुर्ग. हैदराबाद तिकडं, मुतारीपाशी. आता म्हण. अन् ‘आदरणीय व्यासपीठ’ नको, ते सगळेच म्हणतात. मागं एखादं पेंगणारं पोर हेर आणि त्याला सांग.”

सभागृहात दार म्हणजे सोलापूर केलं, दुसरी रांग नळदुर्ग, परीक्षकांचं टेबल हैदराबाद. “१३ सप्टेंबर १९४८. पहाटे भारताची फौज या दारातून आत आली,” म्हणालो आणि सगळ्या माना दाराकडं वळल्या. नेमका तेव्हाच शिपाई पाण्याचे ग्लास घेऊन आत आला. हशा उसळला. माझं पुढचं वाक्यच पळालं. मागं भिंतीला टेकलेल्या सरांनी नुसता तळहात दाखवला, थांब. थांबलो. हसू आपोआप विरलं. “नळदुर्गला लढाई झाली. पाचव्या दिवशी, १७ तारखेला, त्या टेबलाशी निजामानं शरणागती दिली.” परीक्षकांनी टेबलावरचे हात मागं घेतलेले मला अजून दिसतात. पहिलं बक्षीस दोन चार्ट लावलेल्या मुलीला मिळालं, हेही लिहून टाकतो. मला तिसरं.

आज मी कृषी खात्यात आहे. परवा एका गावात कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर बैठक होती. माझ्या चाळीस स्लाइड तयार, आणि लाईट गेली. मंदिराच्या ओट्यावर शे-सव्वाशे माणूस अंधारात. बाहेरून बोंड धडधाकट आणि आत अळी सरकी खातेय, हे फोटोशिवाय दाखवायचं कसं? सर आठवले. म्हटलं, “मूठ मिटा. ही तुमची कैरी, कपाशीचं हिरवं बोंड. अळी बारीक असतानाच आत शिरली, भोक बुजलं. आता बाहेरून सांगा बरं, आत कोण आहे?” कुणी बोलेना. मीही बोललो नाही. मग डोमकळी, म्हणजे अळीमुळं न उमलता मिटून राहिलेलं फूल, सांगितली; नर पतंगांना गंधानं ओढणारे कामगंध सापळे सांगितले. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीला लागायचं. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, ठेवू नका म्हटल्यावर मात्र जोराचा वाद झाला, तो अर्धा तास चालला.

मध्येच लाईट आली. भिंतीवर माझी पहिली स्लाइड झळकली. पुढं बसलेले एक म्हातारबा मूठ तशीच मिटलेली ठेवून म्हणाले, “साहेब, बंद करा ते. डोळ्यावर येतंय.”