तुम्ही विचारलंत म्हणून: वालाला शेंगा का धरत नाहीत?

खारघरला आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्यापाशी मला एकच प्रश्न येतो. "काकू, तुमचा वाल शेंगांनी लगडतो, आमचा नुसता पानांनी माजलाय. तुम्ही घालता तरी काय?"

खरं सांगू? काहीच घालत नाही.

माझं माहेर पेणकडचं. तिकडे भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. आत्याला वालाला पाणी घालताना मी कधी पाहिलं नाही, खताचं तर नावच नको. आमच्याकडे मात्र रंगाच्या रिकाम्या बादलीत वेल लावायचा आणि दर रविवारी त्याला चमचाभर युरिया भरवायचा! गेल्या वर्षी मी जुना वेल उपटला, तेव्हा मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक नखाने फोडली, आतून गुलाबी. या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र वेलाला मिळवून देतात, आणि आतला गुलाबी रंग म्हणजे त्यांचं काम चालू आहे. वरून युरिया पडला की गाठी कमी धरतात आणि वेल सगळा जोर पानांवर काढतो.

दुसरं कारण अंधाराचं. वेलाचा देशी वाल दिवस लहान व्हायची वाट बघतो. जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, फुलायचा तो पाऊस सरल्यावर, रात्री मोठ्या होऊ लागल्या की. बी-विंगमधल्या वहिनींचा वेल डिसेंबर उजाडला तरी फुलेना. संध्याकाळी बघायला गेले तर वेलाच्या डोक्यावरच ट्यूबलाइट, तीही रात्रभर चालू. बिचाऱ्याला रात्र झाली हे कळावं कसं? दिवा बंद ठेवायला सांगितला, जानेवारीत फुलं आली. (तेव्हापासून त्या मला तुळशीचंही विचारतात. तुळशीतलं मला ओ की ठो कळत नाही.)

काळा मावा शेंड्यांवर येतोच. बोटांनी पुसून काढा, नाहीच हटला तर कडुनिंबाचं तेल फवारा.

आता जिमला जाणारी मुलं विचारतात ते प्रोटीन. सुक्या वालात 100 ग्रॅमला 20 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, शिवाय तंतू आणि लोह. भातात जे अमिनो आम्ल कमी, ते लायसिन वालात भरपूर, म्हणून वालाचं बिरडं आणि भात ही जोडी पक्की. पण माझ्या बादलीतून अख्ख्या हंगामात चार वेळची भाजी निघते. प्रोटीनसाठी वाण्याकडचेच वाल आणा.

आणि मोड आलेल्या मुगासारखे ते कच्चे सॅलडमध्ये टाकू नका. परवा एकाच्या डब्यात पाहिले आणि धस्स झालं. कच्च्या वालात सायनाइड सुटू शकेल अशी द्रव्यं असतात. रात्रभर भिजवायचे, ते पाणी ओतून द्यायचं, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि मऊ शिजवायचे. भिजवल्याने पोटात गॅस धरणाऱ्या साखराही बऱ्याच निघून जातात. सोलणं कंटाळवाणं आहे, कबूल. टीव्हीसमोर बसून सोला.

बी हवं असेल तर फेब्रुवारीअखेर या. खालच्या फांदीवरच्या पाच शेंगा मुद्दाम वाळत ठेवल्यात. पिशवी मात्र आणू नका, चिमूटभरच मिळेल.