आठ नंबरच्या काकांचा डावा कान

कोविड वॉर्डातून आम्हा कान-नाक-घसावाल्यांना बोलावणं यायचं ते बहुधा नाकातून रक्त येतंय म्हणून, नाहीतर ट्रॅकिऑस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र, करायची म्हणून. त्या दिवशी सिस्टरांचा फोन आला तो वेगळाच. "मॅडम, आठ नंबरच्या काकांना पहाटेपासून उलट्या होतायत. खोली फिरतेय म्हणतात. अशक्तपणाच असेल, पण सर म्हणाले, तुम्हाला एकदा दाखवून घ्या."

त्या वॉर्डात अशक्तपणाच्या खाती काय वाटेल ते जमा व्हायचं. तापाने, अंगातलं पाणी कमी झाल्याने, उठताना बीपी पडल्याने गरगरणारे पेशंट ढिगाने होते. पण असा माणूस आडवा झाला की सावरतो. काका आडवेच होते आणि तरी कॉटचा कठडा गच्च धरून होते. उजव्या कुशीवर, तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले. सरळ व्हा म्हटलं तर मानेनेच नकार.

पीपीईतून डोळे तपासणं हा वैताग असतो. गॉगलवर वाफ धरलेली, त्यातून दुसऱ्याची बुबुळं बघायची. तरी दिसलं. बुबुळं हळूच डावीकडे सरकत आणि झटक्यात उजवीकडे येत. उजवीकडे बघायला लावलं की झटके वाढत, डावीकडे बघितलं की कमी होत. दिशा मात्र बदलत नव्हती. डोळ्यांसमोर कोरा कागद धरून नजर टेकवायला काही ठेवलं नाही, तसा जोर आणखी वाढला. मग त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं. एरवी आम्ही 'माझ्या नाकाकडे बघा' म्हणतो. माझं नाक मास्कखाली, म्हणून गॉगलच्या मधोमध बघायला सांगितलं आणि डोकं चटकन डावीकडे वळवलं. नजर सुटली आणि उडी मारून परत आली. उजवीकडे वळवलं तेव्हा जागची हलली नाही. म्हणजे डाव्या कानातला तोल सांभाळणारा भाग किंवा त्याची नस बंद पडली होती.

या चाचणीची गंमत अशी की सतत चक्कर असलेल्या माणसात ती नॉर्मल आली तर जास्त घाबरायचं. मग दोष कानात नसून मेंदूत असण्याची शक्यता वाढते, आणि कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्यांची टांगती तलवार होतीच. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयसुद्धा मेंदूच्या मागच्या भागातला लहान स्ट्रोक चुकवू शकतो, त्यामुळे डोळे नीट बघण्याला पर्याय नाही.

एवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांनी तो डाव्या कानाला लावला, दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" केलं आणि ठेवून दिला. "रेंजच नाही हो इथे. काल रात्रीपासून एक शब्द ऐकू येत नाही." पलीकडच्या कॉटवरचे आजोबा तासभर घरच्यांशी बोलत होते, त्यांना रेंज होती.

५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क मी कोपरावर आपटला आणि काकांच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. शेजारच्या हाय-फ्लो ऑक्सिजनचा घोंगाट चालू होता, तरी त्यांनी लगेच उजव्या कानाकडे बोट केलं. डावा कान सर्दीने दडपला असता, तर आवाज डावीकडे गेला असता. कॅमेऱ्याच्या ऑटोस्कोपने पडदा बघितला. स्वच्छ, मागे पाणी नाही. म्हणजे आतला कान, ऐकण्याचा भाग आणि तोलाचा भाग, दोन्ही एकदम.

यानेही स्ट्रोकची शंका संपत नाही, उलट थोडी वाढते. आतल्या कानाला रक्त देणारी धमनी बहुधा लहान मेंदूला रक्त पुरवणाऱ्या एका धमनीचीच फांदी असते. ती मूळ धमनी तुंबली तर चक्कर आणि बहिरेपणा जोडीनेच येतात. म्हणून नाकाला बोट लावायला सांगितलं, चेहरा बघितला, एकेक डोळा झाकून नजर वर-खाली सरकते का ते पाहिलं, उठवून बसवलं. सगळं ठीक. ऑक्सिजनची गरज संपल्यावर एमआरआय केला, तोही स्वच्छ निघाला. औषधांचा चार्टही चाळला, कारण ॲमिकॅसिनसारखं इंजेक्शन कानावर बेततं. तसलं काही नव्हतं.

अचानक आलेल्या अशा बहिरेपणावर स्टिरॉइड देतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत दिलेलं बरं. फिजिशियन म्हणाले, "स्टिरॉइड चालूच आहे की." होतंच. ऑक्सिजनवरच्या पेशंटला मिळतं तसं रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. ते चालू असतानाच कान गेला होता. डोस वाढवावा तर शुगर आधीच चढलेली, आणि शुगर व स्टिरॉइडच्या जोडीने नाकात शिरणाऱ्या म्युकर बुरशीची धास्ती आमच्या डिपार्टमेंटइतकी कुणालाच नव्हती. मी म्हटलं, कानाच्या पडद्यातूनच देते.

यात औषध अर्धा-एक मिलिलीटर लागतं. सिरिंज आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या तापमानाला आणायची, कारण गार द्रव कानात गेला की धडधाकट माणसालाही भोवळ येते. त्यामागचं कारण शोधणाऱ्या रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं. काकांना आणखी एका भोवळीची गरज नव्हती. पडदा बधिर करून बारीक सुईने औषध आत सोडलं. मग बिघडलेला कान वर ठेवून अर्धा तास न गिळता पडून राहायचं. काका पहाटेपासून तसेच पडले होते. चक्कर आलेला माणूस चांगला कान उशीकडे करून घेतो, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. उलटी-चक्करची गोळी मात्र दोन-तीन दिवसांनी थांबवली, नाहीतर मेंदू नवा तोल शिकत नाही.

हे कोविडनेच झालं का, असं काकांच्या मुलाने विचारलं. माणसाच्या आतल्या कानाच्या पेशींवर या विषाणूला शिरायला लागणारी दारं आहेत, त्यांना संसर्गही होऊ शकतो, असं २०२१ मध्ये दाखवलं गेलंय. पण साथ नसतानाही वर्षाला लाखात पाच ते सत्तावीस जणांचा कान असाच अचानक जातो, आणि बहुतेकांचं कारण सापडत नाही. मी पेपरवर कारण अज्ञात लिहिलं आणि कोविड पॉझिटिव्ह असल्याची नोंद शेजारी केली. मुलाला ते फारसं पटलं नाही.

साउंडप्रूफ खोलीतली तपासणी काका निगेटिव्ह झाल्यावरच जमली. तोवर इंजेक्शनं पुन्हा देऊन झाली होती. जाड आवाज बरेचसे परत आले, आलेखावरची बारीक आवाजांची रेष मात्र ७० डेसिबलवर अडकून राहिली, म्हणजे तेवढा मोठा आवाज झाला तरच ऐकू येई. परत आलं ते इंजेक्शनने की आपोआप, हे एका पेशंटवरून सांगता येत नाही. पुष्कळांचं काही ना काही आपोआपही परत येतं. चालणं सुधारलं, तोलासाठी दिलेले मानेचे व्यायाम नेटाने केले, अंधारात मात्र अजून भिंत धरतात. कानात शिटी वाजते. मागून हाक आली तर भलतीकडेच बघतात. काही महिन्यांनी आले ते थेट म्हणाले, "मॅडम, ते कानातलं इंजेक्शन आणखी एक द्या ना." आता त्याने फरक पडायचा नाही, हे सांगितलं आणि हिअरिंग एडची ट्रायल लिहून दिली. शिटी त्याने बंद होईल का, हे त्यांनी दारातून परत येऊन विचारलं. कमी वाटेल, म्हटलं, बंद होईल असं नाही.