आमची वाटचाल: मॅकलाही चालेल, विंडोजलाही चालेल

आमच्या पाटीवर 'मल्टिमीडिया सर्व्हिसेस' असं लिहिलेलं आहे. १९९८ साली ते लिहिणं भागच होतं. त्या शब्दाशिवाय गिऱ्हाईक जिना चढत नसे. प्रत्यक्षात आमचं पोट चाललं ते एका फार बारीक कामावर: मॅक (अ‍ॅपलचा संगणक) आणि विंडोज, दोन्हींवर उघडेल अशी एकच सीडी बनवून देणं. सीडी राइट करून देणारी दुकानं तेव्हा पुण्यात वाढत होती. पण दोन्हीकडे चालणारी हवी म्हटलं की बहुतेक ठिकाणी 'दोन वेगवेगळ्या करून घ्या ना' असं उत्तर मिळायचं.

आम्ही मुळात डीटीपीवाले. सदाशिव पेठेतल्या एका खोलीत लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंकांची पानं लावायचो. छपाईच्या धंद्यामुळे क्वार्क या पानं लावायच्या सॉफ्टवेअरसाठी मॅक होता, आणि मराठी मजकूर टाइप करायला नि हिशेबाला असेंबल केलेला पीसी. दोन्ही एकाच टेबलावर. भांडवल म्हणाल तर एवढंच, पण तेच कामी आलं. त्याच साली अ‍ॅपलचा आयमॅक आला आणि त्यात फ्लॉपीची खाचच नव्हती. म्हणजे मॅकवाल्याला काही द्यायचं तर सीडीच.

आमचं गिऱ्हाईक कोण? गाण्याचे क्लास, संस्थांच्या स्मरणिका आणि परदेशी नातवंडं असलेले आजी-आजोबा. अमेरिकेतल्या शाळांमध्ये मॅक भरपूर, त्यामुळे तिकडच्या घरांतही असत. एक निवृत्त मास्तर बाहेरून करून घेतलेली बालगीतांची सीडी घेऊन आले. म्हणाले, "अहो, शेजाऱ्यांकडे घातली की लगेच सुरू होते. तिकडे लेकीनं घातली तर नुसती फायलींची यादी, तीही सगळी कॅपिटलमध्ये. नात विचारते, गाणी कुठायत?"

यातली गंमत अशी. सीडीवरच्या फायलींची मांडणी ठरवणारं आयएसओ ९६६० नावाचं मानक १९८८ सालचं. सगळ्यात जुन्या मशीनलाही वाचता यावं म्हणून त्याच्या पहिल्या पातळीत नाव आठ अक्षरांचं, पुढे तीन अक्षरांचं शेपूट, फक्त कॅपिटल, आकडे आणि अंडरस्कोअर. विंडोज ९५ बरोबर जोलिएट आलं आणि ६४ अक्षरांपर्यंत लांब नावं चालू लागली, पण ती सोय विंडोजपुरती. मॅकची स्वतःची पद्धत एचएफएस. तिच्यात ३१ अक्षरांचं नाव, आयकॉन कुठे दिसावा ते, आणि फाइल कोणत्या प्रकारची आणि कुठल्या प्रोग्रॅमची हे सांगणारे चार-चार अक्षरांचे दोन कोड. ते कोड गेले की मॅकला डबल क्लिकचा अर्थच लागत नसे.

हायब्रिड सीडीत या दोन्ही पद्धती एकाच चकतीवर नांदतात. आयएसओची व्यवस्था पहिले १६ सेक्टर (चकतीवरचे कप्पे), म्हणजे ३२ केबी, मोकळे सोडते. मॅकचा पार्टिशनचा नकाशा, म्हणजे मॅकचा भाग कुठे आहे ते सांगणारी नोंद, बसतो तो त्या मोकळ्या जागेत. विंडोज हे १६ सेक्टर सोडून पुढून वाचायला लागतं, त्याला मॅकचा पत्ताच नसतो. मॅक आधी तो नकाशा बघतो आणि आपल्या यादीकडे जातो. एकाच वाड्याचा एक दरवाजा सदाशिव पेठेत आणि दुसरा नारायण पेठेत उघडावा, तसं. आतलं सामान तेच.

सामान तेच राहिलं पाहिजे, हाच खरा कस होता. सीडीत जागा ६५० एमबी. गाण्यांचे व्हिडिओ ४०० एमबी झाले आणि मॅकसाठी वेगळे, विंडोजसाठी वेगळे टाकले तर सीडी तिथेच भरली. आम्ही टोस्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरायचो. त्यात आधी हार्ड डिस्कवर एक तात्पुरती मॅक डिस्क तयार करायची, तिच्यात व्हिडिओ ठेवायचे आणि विंडोजची यादी बनवतानाही व्हिडिओ त्याच डिस्कमधून ओढायचे. मग डेटा एकदाच लिहिला जातो आणि दोन्ही याद्या त्याच जागेकडे बोट दाखवतात. दुसऱ्या फोल्डरातून ओढलात तर सॉफ्टवेअर मुकाट्यानं दोनदा लिहितं. विंडोजचा प्रोग्रॅम (ईएक्सई), सीडी आपोआप सुरू करणारी ऑटोरनची फाइल वगैरे फक्त विंडोजच्या यादीत. मॅकचा प्रोग्रॅम फक्त मॅकच्या. म्हणजे नातीला नको ते आयकॉन दिसत नाहीत.

विंडोजवर ऑटोरनमुळे सीडी घातली की आपोआप सुरू. मॅकवरही क्विकटाइम या व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची तशी सोय होती, पण १९९८ मध्ये तिच्यावर स्वार होऊन ऑटोस्टार्ट नावाचा व्हायरस पसरला आणि जाणत्या लोकांनी ती बंद करून टाकली. मग आम्ही मॅकसाठी वेगळा उपाय धरला: सीडी घातल्यावर खिडकी आपोआप उघडावी आणि मधोमध एकच मोठा आयकॉन दिसावा. त्या खिडकीचा आकार आणि आयकॉनची जागा सीडी राइट करायच्या आधी हातानं लावून ठेवावी लागे. हे काम आमच्या सौ. करायच्या. त्यांची नजर रांगोळी काढणाऱ्याची, दोन पिक्सेल इकडे-तिकडे झालेलं चालायचं नाही.

मराठीचं दुखणं मात्र निराळंच. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली चित्रं. इंग्रजी ए ते झेड दोन्हीकडे सारखं, पण त्यापलीकडच्या १२८ जागांचा क्रम मॅकचा वेगळा आणि विंडोजचा वेगळा. आपली अर्धी व्यंजनं, रफार, काही मात्रा नेमक्या तिथेच. विंडोजवरची 'प्रार्थना' मॅकवर ओळखू येत नसे. फॉन्ट देऊन, रूपांतर करून, सगळं करून पाहिलं. शेवटी गाण्यांचे शब्द चित्र म्हणूनच टाकायला लागलो. शोधता येत नाही, कॉपी होत नाही, पण चुकतही नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच आकडा देणारी पद्धत, रुळल्यावर हे संपलं, तरी त्या काळात मला तोच प्रामाणिक मार्ग वाटला.

चित्रांचं पण एक होतंच. मॅकवर रंग ठरवला की तोच विंडोजवर काळपट दिसे, कारण मॅकचा गॅमा, म्हणजे पडद्यावर रंग किती उजळ किंवा गडद दाखवायचा त्याचं माप, १.८ आणि विंडोजचा २.२. हा फरक २००९ च्या स्नो लेपर्ड या मॅकच्या आवृत्तीपर्यंत टिकला. देवीच्या चेहऱ्यावर सावली आली म्हणून एका ट्रस्टनं सगळी चित्रं पुन्हा करून घेतली होती.

आमचा नियम एकच: दोन्ही मशीनवर सीडी शेवटपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय मास्टर द्यायचा नाही. हजार सीडी छापायला कारखान्यात मास्टर गेला की परत फिरता येत नाही. दर जास्त लावायचो, कारण त्यातले निम्मे पैसे बसून बघण्याचेच होते. काहींना ते पटायचं नाही. ते जात, काही परतही येत.

पेनड्राइव्ह आले, २०१२ पासून मॅकबुक प्रोमधूनही सीडीची खाच जायला लागली आणि काम आटलं. मधली काही वर्षं आम्ही पेनड्राइव्ह भरून दिले. तिथेही भांडण तेच, फक्त फायलींच्या मांडणीच्या पद्धतींची नावं नवी: एनटीएफएसवर मॅकला लिहिता येत नाही, फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून दोन्हीकडे चालणारं एक्सफॅट. शिवाय मॅकनं कॉपी केलेल्या पेनड्राइव्हवर टिंब-अंडरस्कोअरनं सुरू होणाऱ्या फायली विंडोजवर दिसल्या की फोन ठरलेला: "साहेब, व्हायरस आलाय."

आता उलटं काम येतं. २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून मॅक जुनं एचएफएस वाचत नाही. ज्यांच्याकडे केवळ मॅकसाठी लिहिलेल्या जुन्या सीडी आहेत ते घेऊन येतात, आणि आम्ही सांभाळून ठेवलेल्या जुन्या जी४ मॅकवर त्या उघडून देतो. मागच्या महिन्यात एका गायन संस्थेनं गठ्ठा आणून टाकला, काहींचा वरचा थर सुटलेला. निघेल तेवढं काढतोय. कशावर देऊ विचारलं, तर सचिव म्हणाल्या, "व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवा ना, काका. बहुतेक जण फोनवरच ऐकतात." आता ती लिंक अँड्रॉइडवर आणि आयफोनवर उघडून बघायची आहे.