सहा दिवस गोदामात पडलेली काच

हिमाचलातल्या तीर्थन नदीचा माझा फोटो पाहून सगळे कॅमेरा कोणता म्हणून विचारतात. कॅमेरा साधाच आहे. जे काही आहे ते 77 मिलिमीटरच्या एका काळ्या काचेत आहे, आणि त्या काचेपायी मला जो मनस्ताप झाला तो आधी सांगतो.

वाहत्या पाण्याच्या रेघा मागाच्या बीमवर ताणलेल्या सुतासारख्या दिसायला हव्यात, तर शटर अर्धा ते दोन सेकंद उघडं राहायला लागतं. दिवसाउजेडी तेवढा वेळ दिला की फोटो पांढराफट्ट. म्हणून एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची उजेड अडवणारी ती काळी काच. दर स्टॉपला उजेड निम्मा होतो. सहा स्टॉपचा फिल्टर उजेड 64 पट कमी करतो, म्हणजे 1/60 सेकंदाच्या जागी एक सेकंद मिळतो. दहा स्टॉपचा नदीसाठी घेऊ नका. त्यात पाण्याचा पीळ जातो आणि नुसता धूर उरतो. मी विचारलं त्या दोन दुकानांत माझ्या मापाचा नव्हता, म्हणून ऑनलाइन मागवला.

कर्नाटक एक्सप्रेसचं तिकीट मे महिन्याचं होतं. त्याआधी हात बसावा म्हणून भीमेवर सराव करायचा होता. उन्हाळ्यात आमची भीमा उजनी धरणातून पाणी सोडलं तरच वाहते. आवर्तनाचं, म्हणजे धरणातून पाळीने सोडलेलं पाणी सोलापूरजवळच्या टाकळीकडे पोचल्याचं कळलं, त्याच दिवशी मोबाइलवर कुरिअरचा मेसेज आला: ‘वितरणाचा प्रयत्न केला, घर बंद होतं.’

घर बंद? आमचं घर सोलापूरच्या साखर पेठेत, खाली माग आणि वर आम्ही. सकाळपासून मागांचा खडखडाट चालू होता आणि आई उंबऱ्यातच कांड्या भरत बसली होती. फोन केला तर, ‘येतंय की ओ साहेब, गाडीवर हाय.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ‘पत्ता अपूर्ण.’ चौथ्या दिवशी मी गोदामावर गेलो. काउंटरवरच्या माणसाने वर न बघता सांगितलं, ‘गाडी बाहेर गेली, सातला या.’ सातला शटर खाली! पाचवा दिवस रविवारचा. तिकडे भीमेचं पाणी चाललंय, आणि माझी काच घरापासून सहा किलोमीटरवर पडलेली. रात्री झोप लागली नाही.

सोमवारी सकाळी आठला, गाड्या भरायच्या आधी जाऊन उभा राहिलो. तिथल्या एका पोराला दया आली. त्याने कोपऱ्यातलं पोतं उपसलं, परत पाठवायच्या मालाचं. त्यात माझा खोका! लेबलवर नुसता घर नंबर आणि ‘सोलापूर’. पेठ, मारुतीचं देऊळ, सगळं गायब. फॉर्मच्या पहिल्या ओळीत जेवढं मावलं तेवढंच छापलं होतं. पण मोबाइल नंबर ठळक होता हो! एक फोन कुणी केला असता तर? म्हणून सांगतो, पहिल्या ओळीत आधी पेठ लिहा, मग घर नंबर. आणि पार्सल अडलं तर फोन करत बसू नका, सकाळी आठला गोदामावर जा.

त्या संध्याकाळी टाकळीला पोचलो तेव्हा बंधाऱ्याखाली डबकी उरली होती. ओल्या खडकावर पाण्याची खूण तेवढी होती. मी फिल्टर बाहेर काढलाच नाही.

पुढचा प्रवास सुरळीत झाला. दिल्लीहून मनालीच्या बसने औटला उतरलो आणि बंजारमार्गे गुशैणीला गेलो. देवदारांच्या सावलीत पाण्याशिवाय दुसरा आवाज नाही. मागांच्या आवाजात वाढलेल्या माणसाला पहिल्या रात्री ते जडच गेलं.

ऊन दरीत उतरायच्या आत फोटो काढा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ 11. फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा. काच लावल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. पहिले अकरा फोटो मी तिथेच घालवले, भीमेवर हे शिकून झालं असतं. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारी सोय) बंद, टायमर दोन सेकंदांचा. थंडीत काचेवर श्वास पडू देऊ नका, वाफ धरते. आणि महत्त्वाचं म्हणजे बर्फाचं पाणी दुपारनंतर चढतं. सकाळी ज्या कोरड्या दगडावर बसून डबा खाल्ला, तो तीनला पाण्याखाली होता.

बारावा फोटो 0.8 सेकंदाचा. हिरवट पाणी, दगडाला वळसा घालणारा एकेक धागा सुटा दिसतो. तो मोठा करून मागाच्या खोलीत लावलाय.

टाकळीच्या एका ओळखीच्या शेतकरीकाकांचा नंबर घेऊन ठेवलाय. पुढचं आवर्तन सुटलं की पाणी पोचायच्या आदल्या दिवशी फोन करतो म्हणालेत. फिल्टर बॅगेतच आहे.