आमची वाटचाल : एक डबा, एक वही आणि सपाट जमीन

आमच्या वर्कशॉपमधली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे पाच लिटरचा एक प्लास्टिकचा डबा. त्यावर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या रेघा मार्करने मारलेल्या आहेत. रेघा पुसट झाल्या की पाणी मोजून ओततो आणि पुन्हा मारतो. आता आम्ही पाच जण आहोत, दोन लिफ्ट आहेत, आणि काम फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, त्यातही बहुतेक जुन्या गाड्यांचं. तरी नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात पाना नाही, हा डबा देतो.

त्यामागे आमची फजिती आहे. सुरुवातीला मी आणि मेहुणा असे दोघेच होतो. सगळ्या प्रकारची सर्व्हिसिंग करायचो. एक जुनी ऑटोमॅटिक सेडान गिअरबॉक्सचं तेल बदलायला आली. मेहुणा खाली सरकला, ड्रेन प्लग सोडला, तेल ट्रेमध्ये निथळलं. ट्रे ओढताना थोडं जमिनीवर सांडलं, ते आम्ही पुसून टाकलं. मग बाजूचा फिलर प्लग, म्हणजे तेल भरायचा प्लग, सोडायला गेलो, तर तो जाम. ॲलन कीचं तोंड आतल्या आत गोल झालं. मेहुणा गाडीखालूनच म्हणाला, "दाजी, आता?" गिअरबॉक्स रिकामा, त्यामुळे गाडी चालू करायची सोय नाही, ढकलून ठेवायला जागा नाही. दोन दिवस गंजावरचं स्प्रे मारत, तापवत बसलो, शेवटी प्लगवर नट वेल्ड करून तो काढला. निघाला तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला : भरायचं किती? त्या गाडीला तेलाची पातळी बघायची डिपस्टिक नव्हती, आणि किती काढलं हे पुसलेल्या चिंधीला विचारायचं का?

तेव्हापासून भरायचा प्लग आधी सुटतो का ते बघतो, मग काढायच्या प्लगला हात लावतो. आणि काढलेलं तेल डब्यात मोजून वहीत लिहितो : गाडी, किलोमीटर, किती निघालं, किती भरलं, वास कसा होता. वही धंद्यासाठी ठेवली नव्हती, आपली चूक पुन्हा होऊ नये म्हणून ठेवली होती. धंदा तिनेच वाढवला, कारण गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीची मागच्या वेळची नोंद उघडून दाखवता येते.

कुठलं तेल, हा त्याहून मोठा विषय. "लाल आहे ना, मग झालं" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू येतं. लाल हा नुसता रंग घातलेला असतो, गळती इंजिन ऑइलची की गिअरबॉक्सची हे ओळखता यावं म्हणून. त्यावरून आतलं तेल कुठल्या जातीचं हे कळत नाही. खरा फरक फ्रिक्शन मॉडिफायरचा, म्हणजे प्लेटांमधलं घर्षण मऊ करणाऱ्या रसायनाचा. फोर्डचं जुनं टाइप-एफ तेल त्याच्याशिवाय बनायचं, त्यामुळे क्लच प्लेटा (एकमेकींना दाबून गिअर धरणाऱ्या चकत्या) पटकन धरतात. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन मऊ धरतं. टाइप-एफच्या गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन घातलं तर प्लेटा धरायला वेळ घेतात आणि घसरून तापतात, उलटं केलं तर गाडी प्रत्येक गिअरला झटका मारते.

जुन्या गाडीची खरी अडचण ही की पुस्तकात छापलेलं तेल आता त्या नावाने मिळेलच असं नाही. जनरल मोटर्सने 1949 मध्ये टाइप-ए काढलं, मग 1960च्या दशकात डेक्सरॉन आलं. एक गंमत सांगायला आवडते : त्या काळी या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली, आणि बदली रसायनांनी तेल थंड करणाऱ्या कूलरच्या सांध्यांची सोल्डर खायला सुरुवात केली, मग पुन्हा दुरुस्ती. असं करत डेक्सरॉन-तीनपर्यंत गाडी आली. 2005 मध्ये डेक्सरॉन-सहा आलं आणि तीनचे परवाने 2006 नंतर बंद झाले. आजही डब्यावर "डेक्सरॉन-तीन" दिसतं, पण ते तेल बनवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं, जनरल मोटर्सचा शिक्का नाही. जिथे पुस्तकात डेक्सरॉन-दोन किंवा तीन लिहिलंय तिथे आम्ही सहा वापरतो, जनरल मोटर्सनेच तशी मुभा दिलीय. ते थोडं पातळ असतं, पण वापरात आणखी फारसं पातळ होत जात नाही. टोयोटाची टी-फोर आणि डब्ल्यूएस ही दोन तेलं मात्र एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे कंपनीच सांगते. आणि सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा गिअरबॉक्स, असेल तर ही सगळी चर्चाच वेगळी. तिथे पट्टा आणि पुलीची पकड तेलावर असते, साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घातलं की पट्टा घसरून पुली खरवडते. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेला डबा आम्ही ठेवत नाही. आमच्या कपाटात म्हणून अर्धवट उघडलेले डबे फार, आणि त्यात पैसा अडकतो, पण त्याला इलाज नाही.

आता ज्यावर आम्ही एक गिऱ्हाईक गमावलं ती गोष्ट. एक गृहस्थ गाडी घेऊन आले. इंजिन रेस होतं, गाडी पळत नाही, म्हणून तेल बदला म्हणाले. तेल काळं आणि जळक्या वासाचं. आम्ही बदललं. चौथ्या दिवशी गाडी टोइंग करून आली, रिव्हर्स पूर्ण गेला होता. "तुम्ही हात लावला म्हणून गेला," असं ते म्हणाले. वाद झाला. मजुरी परत केली, तरी माणूस गेला. खरं म्हणजे त्या प्लेटांचं अस्तर आधीच संपलं होतं, नवं तेल ते परत चिकटवणार नव्हतं. माझ्या मते "तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" या बहुतेक गोष्टींची सुरुवात अशीच असते : घसरायला लागल्यावर लोकांना तेल आठवतं. चूक आमचीही होती, हे आम्ही आधी सांगितलं नव्हतं. आता पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकून गिऱ्हाइकासमोर वास घेतो, चक्कर मारून गाडी घसरते का बघतो. घसरत असेल तर तेल बदलायला नकार देतो. याने महिन्याला काही कामं जातात.

गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन उघडला की त्यातल्या मॅग्नेटवरचा करडा लगदा कागदावर पुसून दाखवतो. बारीक, मऊ असेल तर तो नेहमीचा घासलेला माल. बोटांना टोचणारे तुकडे किंवा पितळी चकाकी दिसली की काम तिथेच थांबतं, आधी मालकाशी बोलणं. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं, तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट आत आलंय, आणि प्लेटांचा चिकट थर सुटतोय.

दुसरी जागा घेण्याचं कारण लोकांना खरं वाटत नाही. पहिल्या जागेची जमीन पाणी वाहून जावं म्हणून उतरती होती. डिपस्टिक नसलेल्या गाडीची पातळी ओव्हरफ्लो प्लगवर बघतात : इंजिन चालू, तेल बऱ्याच गिअरबॉक्सना 35 ते 45 अंशांच्या आसपास, प्लग उघडायचा, आणि धार बारीक होऊन थेंब-थेंब पडू लागलं की बंद. गाडी तिरकी असेल तर हा थेंब खोटं बोलतो. जास्त भरलं तर फिरणारे भाग तेल घुसळून फेस करतात, फेसात हवा, हवा दबते, आणि प्लेटांवर दाब येत नाही. म्हणजे कमी तेलाचा आणि जादा तेलाचा रोग एकच दिसतो. वर्षभर आम्ही तिरक्या जमिनीवर चाकांखाली फळ्या ठेवून काम केलं. मग वैतागून जागा बदलली. नवीन लिफ्ट बसवताना मेहुण्याने पाणसळ तीन वेळा लावली, मिस्त्री चिडला.

धंदा बरा चालू लागल्यावर फ्लशिंग मशीनही घेतलं. एकदा तेल काढलं तर बऱ्याच गाड्यांत निम्मंही निघत नाही, बाकीचं बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या तेलाने भरलेल्या भागात, राहतं. मशीन ते सगळं बदलतं. पण ज्या जुन्या गाडीचं तेल कधीच बदललेलं नाही, तिच्यात एका झटक्यात सगळं ढवळायला माझा हात धजत नाही. त्याऐवजी काही शे किलोमीटरच्या अंतराने तीनदा काढतो-भरतो. दर वेळी चाळीस टक्के निघालं तर जुनं तेल आधी साठ, मग छत्तीस, मग बावीसच्या आसपास उरतं. मालकाला तीन फेऱ्या मारायला लागतात, काहींना कंटाळा येतो. मशीन कोपऱ्यात असतं. त्याच्या सपाट झाकणावर आता वही ठेवतो.